फोटोतली सवाष्ण

आडी या तमिळ महिन्यातला शेवटचा शुक्रवार. हरिप्रियेनं धरलेल्या पाच शुक्रवारांतला पाचवा, उद्यापनाचा. पहिले चार सुरळीत पार पडले आणि पाचव्याला बुधवारीच आडकाठी आली. सवाष्ण म्हणून सांगून ठेवलेल्या वर्षाचे सासरे पहाटे गेले. दहा दिवसांचं सुतक. वर्षानं फोनवर रडता रडता म्हटलं, "मामी, तुमचा शुक्रवार हो!" आणि हरिप्रियेला स्वतःचीच लाज वाटली. सासरे गेले हे ऐकल्यावर तिच्याही मनात पहिल्यांदा तेच आलं होतं.

व्रत नवऱ्यासाठी, वेंकटरावांसाठी होतं. तिरुचीच्या डॉक्टरांनी जून महिन्यात त्यांना घरी पाठवलं. आता मूत्रपिंडही साथ देत नाही, हृदयही देत नाही, घरच्या माणसांत राहू द्या, असं ते फार हळू आवाजात म्हणाले. हरिप्रियेनं त्यांना नमस्कार केला आणि घरी येऊन सासूबाईंच्या जुन्या व्रताचा संकल्प सोडला. पाच शुक्रवार, पाच सवाष्णी. औषधांची यादी कमी होत गेली तशी तिची सगळी भिस्त या पाच पानांवर आली.

सासूबाईंच्या वेळी कुंकवाची कोयरी घेऊन तंजावरच्या मेल वीथीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आलं की दहा घरांतून दहा सवाष्णी मिळत. आता त्यांतली चार घरं विकली गेली होती, दोनांत दुकानं आली होती आणि उरलेल्या घरांतल्या सुना बेंगळूरला नाहीतर परदेशात. शेजारची तमिळ मामी आनंदानं जेवायला आली असती. पण या व्रताचा एक नेम होता. सवाष्णीनं पानावर बसल्यावर, पहिला घास घेण्याआधी, उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं, आपल्या भाषेत, मराठीत. शेजारची मामी काही झालं तरी नवऱ्याचं नाव तोंडातून काढणारी नव्हती.

शेवटी चेन्नईहून लेकीनं, नंदितानं, मार्ग काढला. "अम्मा, त्याला सर्विस आहे. शिवराज म्हणून एक केटरिंगवाला आहे, कुंभकोणचा. स्वयंपाकी देतो, श्राद्धाला ब्राह्मण देतो, सवाष्ण पण देतो. फोटो पाठवते, बघ."

जाहिरात तमिळ अक्षरांत होती, कारण नंदिताला देवनागरी वाचता येत नव्हती आणि शिवराजलाही नसावी. 'मराठी देशस्थ सवाष्ण. वय पन्नास. पती, पुत्र, सून हयात. नऊवारी, सोवळं, उखाणा येतो. गाव पापनाशम.' खाली फोटो. भरल्या अंगाची, गोल चेहऱ्याची बाई, पोपटी नऊवारी, नाकात ठसठशीत मोत्यांची नथ, डोक्यात हातभर मल्लिगेचा गजरा. अगदी हळदीकुंकवाच्या तबकासारखी भरलेली. फोटो एका बाजूनं कापलेला होता, कडेला कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टाची बाही तेवढी राहून गेली होती.

"हिलाच सांग," हरिप्रिया म्हणाली. असं भरलेलं माणूस पानावर बसलं तर देवीलाही नाही म्हणवणार नाही, असं तिला वाटलं.

शुक्रवारी पहाटे तीनला उठून तिनं सोवळ्यात स्वयंपाक केला. पुरण शिजवलं, आंबट वरण केलं, कोशिंबीर, वडे, पायसम. नणंद भुवनाक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टूल टाकून बसल्या होत्या आणि तिथूनच सूचना देत होत्या. वेंकटरावांच्या या थोरल्या बहिणीला चौतीस वर्षांपूर्वी वैधव्य आलं, तेव्हापासून त्या याच घरात. आता कोणी त्यांना अडवत नव्हतं, हरिप्रिया तर दर शुक्रवारी म्हणायची, "अक्का, देवघरात या की." पण हळदीकुंकवाच्या दिवशी त्या आपण होऊन उंबऱ्याबाहेर राहत. तोंड मात्र आत असे.

साडेदहाला दारावर हाक आली.

हरिप्रिया हात पुसत बाहेर आली आणि दारातच थबकली. साडी तीच होती. तीच पोपटी, फक्त धुऊन धुऊन विटलेली. बाई मात्र निम्मी. गालफडं बसलेली, केस पांढरे, नऊवारी कमरेभोवती एक वेढा जास्तच घेतलेली. नाकातली नथ चेहऱ्याला मोठी झाली होती. वय साठीच्या पुढचं. पन्नास तर नव्हतंच नव्हतं.

"गंगाबाई?"

"होय अम्मा. शिवराजनं पाठवलं. बस उशिरा सुटली, अय्यमपेट्टैला रेल्वेचं गेट पडलं होतं." आवाज मात्र गोड होता. "पाय बाहेर धुऊ का आत?"

"आत या मामी. बसा. मी पाणी आणते."

आत येताच भुवनाक्कांनी तिचा पदर धरला. "प्रिया, फोटोतली म्हैस कुठं आणि ही शेळी कुठं?"

"हळू, अक्का."

"हळूच बोलतेय. वय पन्नास म्हणे! माझ्या मागच्या बाकावर बसत असेल शाळेत. अगं, फोटोच खोटा, तर खाली लिहिलेलं खरं कशावरून? जा, विचार तिला."

"काय विचारू?"

"हेच की तू कोण, तुझा नवरा कोण, काय करतो. आत्ताच विचार. एकदा पायांवर पाणी पडलं, की ती बाई राहत नाही, देवी होते. मग काय देवीकडे आधारकार्ड मागणार?"

भुवनाक्कांचं चुकत नव्हतं. विचारायची वेळ उंबऱ्यापासून पाटापर्यंतचीच असते, त्यानंतर नाही. पण हरिप्रियेला कुणाला तोंडावर विचारणं कधी जमलं नव्हतं. शिवाय शुक्रवारी कुणाला टाकून बोलायचं नाही, हाही तिचा एक नेम होता. ती पाण्याचा तांब्या घेऊन आधी वेंकटरावांच्या खोलीत डोकावली. त्यांची उशी सारखी केली.

"आली का तुझी फोटोतली बाई?" त्यांनी विचारलं. आता एक वाक्य बोलायला त्यांना दोन श्वास लागत.

"आली. पण फोटोसारखी नाही."

ते हसले, हसता हसता खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "तुझाही फोटो स्टुडिओतला होता. टेबलावर कोपर ठेवून, गाल फुगवून. आलीस तेव्हा निम्मी होतीस. माझ्या आईनं परत पाठवलं का तुला?"

"तुमचं आपलं काहीतरीच."

"मग? आलेल्या माणसाला जेवू घाल."

एवढं बोलून ते दमले. हरिप्रियेनं त्यांच्या ओठांना ओला कापूस लावला. बाहेर आली तेव्हा विचारायचं तिच्या मनातून गेलं होतं. म्हणजे गेलं नव्हतं, तिनं घालवलं होतं.

परातीत गंगाबाईंचे पाय घेतले. कोमट पाणी, त्यात थेंबभर दूध, चिमूटभर हळद. टाचांना भेगा होत्या, बांधावरून चालणाऱ्या बाईच्या असतात तशा. जोडवी झिजून तारेसारखी बारीक झाली होती, आणि बोटांतून निसटू नयेत म्हणून त्यांना आतून दोरा गुंडाळला होता. हरिप्रियेनं तो दोरा पाहिला, पायांवर कुंकू लावलं आणि वाकली. तेवढ्यात आतून पुन्हा वेंकटरावांचा खोकला ऐकू आला, लांबलेला, खोल. तिचे हात थरथरले, पाणी परातीबाहेर सांडलं. गंगाबाईंचे पाय परातीत एकदम ताठ झाले. त्यांनी ते किंचित मागे घेतल्यासारखं केलं, पण तोवर नमस्कार झाला होता.

स्वयंपाकघरात देवीपुढे पाट मांडला, केळीचं पान वाढलं. मीठ, लिंबू, कोशिंबीर, वडा, पुरणाची पोळी, मूदभर भात, त्यावर वरण. तुपाची वाटी हरिप्रियेच्या हातात. तूप भातावर पडलं की जेवणाला सुरुवात. त्याआधी नाव.

"मामी, नाव घ्या," ती म्हणाली.

गंगाबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. देवीपुढच्या समईकडे पाहिलं. मग अगदी बारीक, मुलीसारख्या आवाजात म्हणाल्या:

"कावेरीच्या पाण्यावर दिवा चालला तरंगता,
सांबशिवरावांचं नाव घेते, वाट त्यांची बघता बघता."

हरिप्रियेनं तुपाची वाटी उचललीही. पण उंबऱ्यावरून भुवनाक्कांचा आवाज आला.

"वाट? वाट कशाला बघता? कुठं गेलेत सांबशिवराव?"

गंगाबाई पानाकडे बघत राहिल्या. त्यांचा हात मांडीवर होता, पानाला अजून लागला नव्हता.

"ठाऊक नाही, अक्का," त्या म्हणाल्या.

वेंकटरावांच्या खोलीतला ऑक्सिजनच्या नळीचा सूं आवाज इथवर ऐकू येत होता.

"बारा वर्षं झाली," गंगाबाई म्हणाल्या. "चष्म्याची काडी मोडली होती, ती बसवायला कुंभकोणला जातो म्हणाले. सायकल पापनाशमच्या स्टेशनावर लावली, कुलूप घातलं. पॅसेंजर गाडीत बसताना एकदोघांनी बघितलं. मग कुणीच बघितलं नाही. पोलीस झाले, पेपर झाले, तिरुपती झालं. सायकल मी घरी आणली. दर महिन्याला हवा भरून ठेवते. बसून बसून टायर चिरतो नाहीतर."

"आणि जाहिरातीत 'पती हयात'?" भुवनाक्का म्हणाल्या.

"शिवराजनं लिहिलं ते. पण मीही खोडायला सांगितलं नाही. का खोडू? गेले असं कुणी मला सांगितलंय?" मग आवाज खाली आला. "तो फोटोही तेव्हाचाच आहे. माझ्या बहिणीच्या मुलीच्या लग्नातला. कडेला बाही दिसते ना, ती यांची. बाकीचं शिवराजनं कापलं."

हरिप्रियेच्या डोळ्यांपुढे ती पांढरी बाही आली. तिनं वाटी खाली ठेवली.

"मी खोटी नाही, अम्मा," गंगाबाई आता तिच्याकडे बघून बोलत होत्या. "आजपर्यंत मी सवाष्णच आहे. सोमवारपर्यंत. सोमवारी तिरुवैयारूला कावेरीवर त्यांचं कार्य करायचं ठरलंय. बारा वर्षं बेपत्ता असलेल्याचं करतात तसं. पळसाच्या देठांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. माझ्या सुनेचं पोट दोनदा रिकामं झालं. ज्योतिषी म्हणतात, बापाचं कार्य राहिलंय म्हणून घरात मूल थांबत नाही. दीर सहा वर्षं मागे लागले होते, मी ऐकलं नाही. पण ती पोर दुसऱ्या वेळी दवाखान्यातून आली आणि माझ्याकडे बघेना. मग मी हो म्हटलं." त्यांनी ओठ घट्ट मिटले, पुन्हा उघडले. "माझ्या हो म्हणण्यानंच मरणार ते. नाहीतर कुठंतरी असतीलही."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"शिवराजला सांगितलं होतं, सोमवारनंतर नाव काढून टाक. तो म्हणाला, एक शुक्रवार आलाय, तंजावरचा, जाशील? मला वाटलं, शेवटचं एकदा बसावं पाटावर. कशासाठी व्रत आहे ते मी विचारलं नाही. पायांवर पाणी घालताना आतला खोकला ऐकला, आणि तुमचे हात. तेव्हा कळलं. तेव्हाच उठायला हवं होतं. मोह पडला." त्या पाटावर मागे सरकल्या. "पान अजून मोडलेलं नाही, अम्मा. मी उठते. तुम्ही दुसरी कुणी बघा. अजून बारा वाजायचेत."

हरिप्रियेनं समईकडे पाहिलं. पाच वातींतली एक जरा कमी जळत होती. पाच शुक्रवार तिनं एकेक करून त्या समईत घातले होते. प्रत्येक शुक्रवारी मनात एकच वाक्य: हे राहू देत. आणि आता शेवटच्या पानावर कोण बसलं होतं? जिचा माणूस सोमवारी जळणार होता, ती. हिच्या हातचं कुंकू लावून घ्यायचं? हिनं म्हणायचं अखंड सौभाग्य? क्षणभर तिला या बाईचा राग आला, स्वच्छ राग. बारा वाजायला वेळ होता. फोन करता आला असता. पलीकडच्या गल्लीत कुणी मिळालंही असतं, उखाण्याशिवाय.

"प्रिया," भुवनाक्का म्हणाल्या, "व्रत तुझं आहे. नीट विचार कर."

सासूबाईंचा एक नियम होता. या घरात पानावर बसलेल्याला उठवायचं नाही. एकदा कुणीतरी आगंतुक चुकून श्राद्धाच्या पंगतीत बसला होता, सगळे भटजी कुजबुजायला लागले, तेव्हा सासूबाईंनी पदर खोचून त्याला पहिल्यांदा वाढलं होतं. हरिप्रिया तेव्हा नवी नवरी होती. कसा दिसायचा तो माणूस, तिला आठवत नव्हतं. सासूबाईंचा वाढणारा हात आठवत होता.

तिनं वाटी उचलली आणि भातावर तूप वाढलं. नेहमीपेक्षा जास्तच वाढलं गेलं.

"जेवा मामी," ती म्हणाली. "जेवा. वरण निवतंय."

गंगाबाईंनी हात जोडले. घास घेतला आणि तो नुसता चावत राहिल्या.

उंबऱ्यावर स्टूल सरकल्याचा आवाज झाला. चौतीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. भुवनाक्का उठल्या, उंबरा ओलांडला आणि पानासमोर, समईच्या जरा अलीकडे, भुईवर बसल्या.

"सोमवारी किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"नऊच्या आत नदीवर या म्हणालेत."

"बसायला कोण आहे तुझ्याजवळ?"

गंगाबाई घास गिळून म्हणाल्या, "कुणी नाही. जाऊबाई सवाष्ण आहेत, त्या कशा येतील? बहीणही सवाष्ण. सून तर लहानच. तिनं बघू नये, मीच सांगितलंय."

भुवनाक्का मान हलवत राहिल्या. नदीवर मंगळसूत्र उतरवताना विधवा बायकाच जवळ बसतात, सवाष्णीनं ते बघायचं नसतं. आणि ज्या बाईच्या ओळखीत विधवा उरल्या नाहीत, तिच्याजवळ कोण बसणार?

"मला कुणी सांगितलं नव्हतं," त्या एकदम म्हणाल्या. "शेवटचं म्हणून. आमचे हे फॅक्टरीतून यायचे होते, आलेच नाहीत. आदल्या दिवशी फूलवाली आली होती, हाक मारून गेली. मला कंटाळा आला होता. शिळा गजरा काढून कोनाड्यात टाकला, नवा घेतलाच नाही. म्हटलं, उद्या घेऊ." त्यांनी नाक ओढलं. "एवढं मात्र अजून जात नाही मनातून. बाकी सगळं गेलं. हिचा गजरा सैल झालाय बघ, प्रिया. दुसरा आण. देवीचा असू दे, देवी काही म्हणत नाही."

हरिप्रियेनं देवीच्या फोटोवरचा ताजा मल्लिगेचा हार काढला आणि गंगाबाईंच्या विरळ अंबाड्याभोवती माळला. बोटांना केस लागले, ते फार मऊ होते.

मग गंगाबाई जेवल्या. भुवनाक्का समोर बसून आग्रह करत होत्या, जणू त्यांनीच जेवण घातलं होतं. "पोळी घे आणखी. पुरणात जायफळ जास्त पडलंय, हिचा हात तसाच. पायसम घे. वडा खा, दात आहेत ना? मग खा." गंगाबाई एकदा हसल्यासुद्धा. हसल्यावर फोटोतली बाई क्षणभर दिसली.

जेवण झालं, हात धुतले, विडा दिला. मग कुंकू लावायची वेळ आली. गंगाबाई कोयरी हातात घेऊन थांबल्या.

"लावून घेता का माझ्या हातून? नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही."

हरिप्रियेनं कपाळ पुढे केलं. गंगाबाईंचं बोट गार होतं. त्यांनी कुंकू लावलं, अक्षता हातात घेतल्या आणि तशाच मुठीत धरून ठेवल्या.

"अखंड म्हणायला माझी जीभ वळत नाही, अम्मा," त्या शेवटी म्हणाल्या. "खोटं होईल. त्यांना त्रास कमी होवो. जातील तेव्हा तुम्ही जवळ असाल, एवढं म्हणते. एवढं तरी खरं होवो."

अक्षता डोक्यावर पडल्या. हरिप्रिया वाकलेलीच राहिली. पाच शुक्रवार ती जे मागत होती ते कुणी देणार नव्हतं, हे तिला जूनमध्येच कळलं होतं. फक्त हे असं मागायचं असतं, असं मागता येतं, हे कळलं नव्हतं.

ओटीत नारळ, तांदूळ, हिरवा खण. गंगाबाईंनी खणावरून हात फिरवला. "सोमवारपर्यंत शिवून व्हायचा नाही," त्या म्हणाल्या. "सुनेला देईन. हिरवा आहे, बरा."

त्या गेल्यावर नंदिताचा फोन आला. शिवराजनं तिला विचारलं होतं, सर्विस कशी वाटली म्हणून. "अम्मा, भुवनाअत्या म्हणत होती बाई वेगळीच आली. फोटो खोटा टाकतात ही माणसं. मी लिहू का त्याला? रेटिंग कमी देऊ?"

शुक्रवार अजून मावळला नव्हता. खोटं बोलता येत नव्हतं.

"फोटो जुना होता," हरिप्रिया म्हणाली. "बाई तीच होती. तू काही लिहू नकोस गं."

सोमवारी पहाटे भुवनाक्कांनी कपाटातून पांढरी सुती साडी काढली, पिशवीत टॉवेल, तांब्या आणि केळी भरली. गुडघ्यांना तेल चोळलं. चौतीस वर्षांत त्या एकट्या कधी बसनं गेल्या नव्हत्या. हरिप्रिया कॉफीचा ग्लास घेऊन दारापर्यंत आली. आपण जाऊ शकत नाही हे तिला माहीत होतं.

"कुठं निघालीस?" खोलीतून वेंकटरावांनी विचारलं. आजकाल त्यांना पावलं ओळखू येत.

"तिरुवैयारूला. काम आहे."

"तुला? काम?"

"मला काम असू नये का रे?" भुवनाक्का म्हणाल्या आणि कठड्याला धरत पायऱ्या उतरल्या.

त्या परतल्या तेव्हा एक वाजून गेला होता. मागच्या दारानं आल्या, नळाखाली डोक्यावरून पाणी घेतलं, दुसरी साडी नेसल्या. तोवर हरिप्रियेकडे पाहिलं नाही. मग स्टुलावर येऊन बसल्या. नेहमीसारख्या उंबऱ्याच्या बाहेर.

हरिप्रियेनं कॉफी दिली. भुवनाक्कांनी ग्लास दोन्ही हातांत धरला.

"पुतळा लहान केला होता," त्या म्हणाल्या. "भटजीला घाई. ती म्हणाली, ते एवढे लहान नव्हते. उंच होते. दाराच्या चौकटीला डोकं लागायचं. तेवढंच बोलली. मग रडली नाही. गजरा तुझाच होता डोक्यात, तीन दिवसांचा, सुकलेला. तो मी सोडवला. पाण्यात नाही टाकला, पिशवीत आहे. काय करायचं त्याचं मला कळेना."

"असू दे," हरिप्रिया म्हणाली.

"सायकल मुलगा विकायची म्हणतोय. ती म्हणाली, तिला हात लावायचा नाही. हवा मी भरत जाईन." भुवनाक्कांनी कॉफीचा घोट घेतला. "गरम आहे. बरी आहे."

बाहेर ऊन कडक पडलं होतं. मागच्या अंगणातल्या दोरीवर पांढरी साडी ठिबकत होती. हरिप्रियेनं त्या साडीकडे पाहिलं, मग नणंदेच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे. त्र्याहत्तर पूर्ण झाली होती अक्कांना. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढला, साखर आहे, रक्तदाब आहे.

"अक्का," ती म्हणाली, "तुम्ही गोळ्या वेळेवर घेत जा. गुडघ्यांना पट्टा लावा. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणंही करा. तुमची तब्येत…" नदीवर जवळ बसायला तिलाही दुसरं कुणी नव्हतं.

भुवनाक्का तिच्याकडे बघत राहिल्या. शुक्रवारी गंगाबाईंच्या पानासमोर बसल्या होत्या तशाच.

"घेते," त्या म्हणाल्या. "आहे मी. तोवर आहे."

आतून वेंकटरावांचा आवाज आला, श्वास घेत घेत. "कॉफीचा वास येतोय. मला नाही का?"

डॉक्टरांनी कॉफी बंद केली होती. हरिप्रियेनं डोळे पुसले, पदराला बोटं पुसली. तिनं वाटीत दोन चमचे कॉफी ओतली, एक दाणा साखर टाकली, फुंकर घालून निववली, आणि चमचा घेऊन आत त्यांच्याजवळ जाऊन बसली.